घरपट्टी आणि सुधार-आकार : महाराष्ट्रातील शहरी घरमालकाच्या करभाराचे स्वरूप

शहरात स्वतःचे घर असलेल्या गृहस्थाकडे महानगरपालिकेचे मालमत्ता-कराचे देयक नियमितपणे येते. त्याच्या तळाशी असलेली बेरीज सर्वजण पाहतात. ती बेरीज कोणकोणत्या आकड्यांची झाली आहे, हे पाहणारे थोडे. ह्या उदासीनतेचे परिणाम दुहेरी होतात. आकारणीत चूक झाली असेल तर ती वर्षानुवर्षे तशीच चालू राहते, आणि तक्रारीची मुदत टळून गेल्यावर मालकाच्या हाती काहीच उरत नाही. उलटपक्षी, आकारणी बरोबर असूनही ती अन्यायाची आहे, अशी समजूत अनेकांच्या मनात घर करून राहते व स्थानिक स्वराज्याविषयीची आपुलकी कमी होते. प्रस्तुत लेखात घरमालकावर पडणाऱ्या स्थानिक करांचे व विशेष आकारण्यांचे मूलतत्त्व, त्यांची गणिताची रीत आणि त्यांतून उद्भवणारे न्यायाचे प्रश्न यांचा विचार करावयाचा आहे.

१. सामान्य कर आणि विशेष आकारणी

इमारती व जमिनी यांवरील कर हा भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ४९ व्या नोंदीखाली येतो. राज्य विधिमंडळाने हा अधिकार वेगवेगळ्या अधिनियमांनी स्थानिक संस्थांना दिला आहे. मुंबईपुरता १८८८ चा महानगरपालिका अधिनियम, इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा अधिनियम, नगरपरिषदांसाठी १९६५ चा आणि ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा, अशी ही व्यवस्था आहे.

घरमालकाकडून घेतल्या जाणाऱ्या रकमांचे तत्त्वतः दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग सामान्य कराचा. रस्त्यांवरील दिवे, अग्निशमन, रुग्णालये, साथींचा बंदोबस्त यांसारख्या सेवांचा लाभ सर्वांस मिळतो आणि तो माणशी मोजून दाखविता येत नाही. म्हणून त्यांचा खर्च मालमत्तेच्या मूल्याच्या प्रमाणात सर्वांवर वाटला जातो. दुसरा वर्ग विशेष आकारणीचा. एखादे विवक्षित सुधारणेचे काम विवक्षित भागात केले, त्यामुळे तेथील जमिनींची किंमत वाढली, आणि त्या वाढीचा काही अंश कामाच्या खर्चासाठी तेथील मालकांकडून घेतला, तर ती विशेष आकारणी होय. कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांनी हा भेद स्पष्टपणे मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ते गुरू. आंबेडकरांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ च्या ग्रंथाला त्यांचीच प्रस्तावना आहे. इंग्लंडात आल्फ्रेड मार्शल यांनी स्थानिक करांची विभागणी किंचित निराळ्या रीतीने केली. ज्याच्या मोबदल्यात करदात्यास तितकीच सोय मिळते तो लाभकारक कर आणि ज्याचा मोबदला त्याला मिळत नाही तो केवळ भाररूप कर, अशी ती विभागणी आहे. घरपट्टीचे देयक वाचताना हे दोन्ही भेद ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

२. करपात्र मूल्य

महाराष्ट्रातील घरपट्टीचा जुना पाया म्हणजे करपात्र मूल्य. मुंबईच्या अधिनियमातील कलम १५४ प्रमाणे एखादी इमारत वर्षाच्या बोलीने भाड्याने दिली असता वाजवीपणे जे वार्षिक भाडे येण्याची अपेक्षा करता येईल, त्यातून दहा टक्के वजा जाता उरणारी रक्कम म्हणजे करपात्र मूल्य. ही दहा टक्के वजावट दुरुस्ती व तत्सम सर्व खर्चांपोटी धरलेली आहे. मालकाने प्रत्यक्षात किती खर्च केला याच्याशी तिचा संबंध नाही.

उदाहरणार्थ, एखाद्या घराचे वाजवी मासिक भाडे १,००० रुपये मानले, तर वार्षिक भाडे १२,००० रुपये, वजावट १,२०० रुपये आणि करपात्र मूल्य १०,८०० रुपये होईल. ह्या रकमेवर निरनिराळ्या करांचे टक्के बसतात. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, घरात मालक स्वतः राहत असला तरी त्याचे भाडेमूल्य काढावेच लागते. कायदा येथे एक काल्पनिक भाडेकरू उभा करतो. दुसरी, कराचा दर आणि कराचा पाया ह्या भिन्न गोष्टी आहेत. दर महापालिकेची सभा ठरविते व त्याविरुद्धचे गाऱ्हाणे लोकप्रतिनिधींपुढे मांडावयाचे असते. पाया अधिकारी ठरवितो व त्याविरुद्धचे गाऱ्हाणे आकारणीच्या तक्रारीत मांडावयाचे असते. बहुतेक तक्रारी फसतात त्या हा भेद न केल्यामुळे.

स्वतः राहणाऱ्या मालकास सवलत द्यावी काय, हा प्रश्न पुण्यात दीर्घकाळ गाजला. तेथे अशा मालकांना १९७० पासून ४० टक्के सवलत मिळत होती. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर २०१९ साली ती काढून घेण्यात आली आणि नागरिकांच्या मागणीवरून २०२३ साली शासनाने ती पूर्ववत केली. भाड्याचे उत्पन्न न मिळविणाऱ्या माणसास भाड्याच्या आधारावर पूर्ण कर लावणे कितपत योग्य, हा ह्या वादाचा गाभा होता.

३. भाडेनियंत्रणाचा परिणाम

ही पद्धती तर्कशुद्ध असली तरी भाडेनियंत्रणाच्या कायद्याशी तिची गाठ पडताच तिचे स्वरूप पालटले. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण अधिनियमाने जुन्या घरांची भाडी सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजी जी होती त्या पातळीवर बांधून ठेवली. प्रमाण भाड्याहून अधिक भाडे घेणे हा गुन्हा ठरला. मग ज्या भाड्याची मागणी करणेच बेकायदेशीर, त्याची 'वाजवी अपेक्षा' मालकाने कशी करावी? कलकत्ता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली असा निर्णय दिला की, वार्षिक मूल्य प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. नवी दिल्लीच्या प्रकरणात १९७९ साली हेच तत्त्व प्रमाण भाडे प्रत्यक्ष ठरविले गेले नसले तरीही, आणि मालक स्वतः राहत असला तरीही, लागू पडते असे सांगण्यात आले.

कायद्याच्या दृष्टीने निर्णय निर्दोष होता. परंतु त्याचे आर्थिक परिणाम विचित्र झाले. एकाच गल्लीतील दोन सारख्या घरांपैकी एक १९३५ चे व दुसरे १९८५ चे असले, तर पहिल्याचे करपात्र मूल्य जुन्या भाड्याशी बांधलेले राहिले आणि दुसऱ्याचे प्रचलित भाड्यावर ठरले. रस्ता, दिवे व गटार दोघांनाही तीच. कर मात्र अनेक पटींनी भिन्न. नगरपालिकेचा खर्च महागाईबरोबर वाढत गेला आणि कराचा पाया मात्र जागीच राहिला. त्यामुळे नवी बांधकामे व करांचे चढते दर यांवरच उत्पन्नाची भिस्त राहिली, म्हणजेच नव्या घरांत येणाऱ्या कुटुंबांवर जुन्यांचा भार पडला. पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील गोठविलेली भाडी कालौघात अवाजवी झाल्याचे मत नोंदविले, आणि १९९९ चा नवा भाडेनियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. परंतु तोवर आकारणीचा पायाच बदलावा, हा विचार बळावला होता.

४. भांडवली मूल्याकडे

भाडे टाळून सरळ मालमत्तेच्या किंमतीवर कर बसविण्याचा प्रयत्न ह्यापूर्वीही झाला होता. अहमदाबादेत मोकळ्या जमिनींवर भांडवली मूल्याच्या टक्केवारीने लावलेला कर सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली अवैध ठरविला. मूळ मुंबई प्रांताच्या १९२५ च्या कायद्यात 'रेट' हा शब्द होता व त्याचा रूढ अर्थ वार्षिक मूल्यावरील कर असाच आहे, हे त्याचे कारण. ह्यावरून एवढे दिसते की, पाया बदलावयाचा तर कायद्याचे शब्द बदलले पाहिजेत. महाराष्ट्रात तसे ते बदलण्यात आले आणि बृहन्मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित आकारणी सुरू झाली.

ह्या रीतीत मुद्रांक शुल्कासाठी शासनाने विभागवार ठरविलेल्या बाजारमूल्याचा दर हा आरंभबिंदू असतो. त्याला घराच्या क्षेत्रफळाने गुणावयाचे आणि मग वापराचा प्रकार, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय व मजला यांसाठी ठरविलेले गुणक लावावयाचे. केवळ रीत समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ : दर चौरस मीटरला १,००,००० रुपये दर, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, वयाचा गुणक ०.८ व उरलेले सर्व गुणक १ मानले, तर भांडवली मूल्य ४८ लक्ष रुपये येते. वयाचा गुणक चुकून १ धरला गेला, तर ते ६० लक्ष होईल आणि कर एक-चतुर्थांशाने वाढेल. म्हणून घरमालकाने प्रथम तपासावयाचे ते गुणक आणि क्षेत्रफळ. दर पाच वर्षांनी मूल्याची फेरनिश्चिती व्हावी, अशीही योजना ह्या कायद्यात आहे.

नव्या पद्धतीतही वाद उद्भवलाच. नियमांनी जमिनीवर भविष्यात होऊ शकणाऱ्या बांधकामाची क्षमता मूल्यात धरली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली २०१० व २०१५ च्या नियमांपैकी २०, २१ व २२ हे नियम रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मालमत्ता आज जशी आहे तशीच तिची किंमत करावी, उद्या ती कशी होऊ शकेल हे पाहू नये, असे त्याचे सार आहे. त्याच वर्षी, १ जानेवारी २०२२ पासून, मुंबईतील ४६.४५ चौरस मीटर म्हणजे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता-करातून सूट देण्यात आली. लहान घरांत राहणाऱ्यांस हा मोठा दिलासा होय. तथापि करदात्यांची संख्या घटली म्हणजे उरलेल्यांवरील भार अथवा शासनाच्या अनुदानावरील अवलंबन वाढते, हेही विसरता येत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकात संपली व तिच्या जागी शासनाकडून भरपाई मिळू लागली. त्यामुळे महापालिकेने स्वतः बसवावयाच्या करांत मालमत्ता-कराचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

५. देयकातील रकाने

मुंबईच्या देयकात सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर व पथकर असे रकाने आढळतात. त्यांचे तीन गट पाडल्यास अर्थबोध सुलभ होतो. सर्वसाधारण कर हा खऱ्या अर्थाने सामान्य कर. जललाभ व मलनिःसारण लाभ हे कर सेवेची यंत्रणा उपलब्ध असल्याबद्दल घेतले जातात. प्रत्यक्ष किती पाणी वापरले हा प्रश्न वेगळा, आणि जेथे जलमापक आहे तेथे वापराचा आकार निराळा द्यावा लागतो. राज्य शिक्षण उपकर व रोजगार हमी उपकर हे तर महापालिकेचे उत्पन्नच नव्हे. १९६२ च्या अधिनियमाखाली ती ते शासनाच्या वतीने गोळा करते. रोजगार हमी उपकराचा भार निवासेतर वापराच्या इमारतींवर असतो. तो निवासी घराच्या देयकात दिसला, तर वापराची नोंद चुकली आहे काय, हे पाहणे अगत्याचे.

६. सुधार-आकार

विशेष आकारणीचे शुद्ध उदाहरण महाराष्ट्रात नगररचना योजनांमध्ये सापडते. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने ही कल्पना आणली. तिच्याखाली वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले ह्या उपनगरांत योजना झाल्या. पुढे १९५४ चा अधिनियम आला आणि सध्या १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम लागू आहे. वेड्यावाकड्या शेतजमिनी एकत्र धरून, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढून, उरलेली जमीन सुबक भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांस परत द्यावयाची, अशी ही रीत आहे. मालकाचे क्षेत्र घटते, पण रस्त्यालगतच्या भूखंडाची किंमत वाढते.

ही वाढ मोजण्याची कायद्यातील कसोटी विचारपूर्वक केलेली आहे. योजना करण्याचा इरादा जाहीर झाला त्याच तारखेस भूखंडाच्या दोन किंमती काढावयाच्या : एक योजना पुरी झाली आहे असे मानून, दुसरी योजनेतील सुधारणा विचारात न घेता. दोहोंतील अंतर म्हणजे वाढ. दोन्ही किंमती एकाच तारखेच्या असल्यामुळे सर्वसाधारण महागाईने झालेली वाढ आपोआप बाजूस राहते आणि सार्वजनिक कामाने घडलेली तेवढीच हिशेबात येते.

वसुलीलाही मर्यादा आहे. योजनेचा खर्च एकूण वाढीच्या निम्म्यापेक्षा अधिक नसेल, तर तो सर्व भूखंडधारकांकडून त्यांच्या वाढीच्या प्रमाणात घ्यावयाचा. अधिक असेल, तर निम्म्या वाढीपुरताच घ्यावयाचा आणि उरलेला नियोजन प्राधिकरणाने सोसावयाचा. समजा, एकूण वाढ १ कोटी रुपये व खर्च ४० लक्ष आहे. मग संपूर्ण खर्च वसूल होईल आणि ज्याच्या भूखंडाची वाढ १ लक्ष असेल त्याच्या वाट्यास ४०,००० रुपये येतील. खर्च ६० लक्ष झाला, तर वसुली ५० लक्षांवर थांबेल. त्याच मालकास ५०,००० द्यावे लागतील व १० लक्ष प्राधिकरण भरील. मालकास काही भरपाई देय असल्यास तिची व ह्या अंशदानाची परस्पर वजावट होते.

अमेरिकेत रस्ते, पदपथ व गटारे यांसाठी अशा आकारण्या फार पूर्वीपासून रूढ आहेत आणि पुष्कळदा त्या रस्त्यालगतच्या दर्शनी लांबीवर बसविल्या जातात. ओहायो राज्यातील नॉरवुड ह्या गावाने एका मालकिणीच्या जमिनीतून रस्ता काढला आणि तिला दिलेली भरपाईदेखील तिच्याच उरलेल्या जमिनीवर आकारणी म्हणून बसविली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली असे ठरविले की, विशेष लाभाहून ठळकपणे अधिक असलेली आकारणी म्हणजे भरपाईशिवाय मालमत्ता हिरावून घेणे होय. महाराष्ट्राच्या कायद्यातील निम्म्या वाढीची मर्यादा ह्याच न्यायतत्त्वाशी सुसंगत आहे.

७. दुरुस्ती उपकर

मुंबई शहर बेटात विशेष आकारणीचा आणखी एक प्रकार आढळतो. गोठलेल्या भाड्यांतून दुरुस्तीचा खर्च निघेना, मालकांनी हात आखडता घेतला व जुन्या चाळी कोसळू लागल्या. ह्या संकटातून १९६९ चा इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा अधिनियम निर्माण झाला. पुढे त्याचे काम १९७६ च्या गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियमाखाली, म्हणजे म्हाडाकडे आले. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, तेव्हापासून १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात आणि १ जानेवारी १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात मोडतात. त्यांच्याकडून उपकर घेऊन त्यांच्याच संरचनात्मक दुरुस्त्या कराव्यात, अशी ही व्यवस्था. परंतु येथे लाभ व आकारणी यांचा मेळ एकेका इमारतीशी नसून सर्व उपकरप्राप्त इमारतींच्या समूहाशी आहे. म्हणून ती तत्त्वतः विम्याच्या जवळ जाते : देणारे सर्व, दुरुस्ती मात्र जिची वेळ येईल तिची. एखाद्या चाळीतील रहिवासी अनेक वर्षे उपकर भरूनही दुरुस्तीची वाट पाहत राहतात, तेव्हा त्यांच्या तक्रारीचे मूळ ह्या रचनेतही शोधावे लागते.

८. करभार अखेर कोणावर

देयक ज्याच्या नावाचे असते त्याच्याच खिशावर भार राहतो असे नाही. दोन सारख्या घरांपैकी एकावर दरसाल ५,००० रुपये अधिक कर असेल व तो कायम राहील असे दिसत असेल, तर खरेदीदार त्या घराची किंमत कमी देईल. वार्षिक ५,००० रुपयांचे भांडवली रूप आठ टक्के व्याजाने सुमारे ६२,५०० रुपये होते. तेवढी तूट कर बसला तेव्हाच्या मालकास सोसावी लागते, पुढच्यास नव्हे. सुधार-आकाराबाबतही हाच क्रम, पण उलट दिशेने. रस्ता झाल्यावर वाढीव किंमत देऊन भूखंड विकत घेतलेल्या माणसाकडून नंतर आकार मागितला, तर लाभ एकाने घेतला व आकार दुसऱ्याने दिला असे होते. म्हणून विशेष आकारणी वेळेवर होणे हा तिच्या न्याय्यतेचाच भाग मानला पाहिजे.

निवृत्त वृद्धाची अडचण ह्याहून निराळी. त्याच्या घराची किंमत वाढते, परंतु हाती येणारे उत्पन्न वाढत नाही. भांडवली मूल्यावरील कर संपत्तीच्या दृष्टीने न्याय्य असूनही देण्याच्या कुवतीच्या दृष्टीने जाचक होऊ शकतो. हप्ते, वाढीवरील मर्यादा अथवा लहान घरांस सूट हे त्यावरील निरनिराळे उपाय होत. प्रत्येकाची किंमत अखेर दुसऱ्या कोणत्या तरी करदात्याने द्यावयाची असते.

९. मालकाची साधने

आकारणी नवी असो वा वाढविलेली, मालकास सूचना देऊन तक्रारीस मुदत द्यावी लागते. तक्रार लेखी असावी व ती मुदतीतच करावी. आयुक्तांच्या वतीने तिची सुनावणी होते. तेथे समाधान न झाल्यास मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अपील करता येते, आणि इतर महानगरपालिकांतही न्यायाधीशांकडे अपिलाची तरतूद आहे. मात्र आधी तक्रार केलेली असणे व कराची रक्कम जमा करणे ह्या अटी पाळाव्या लागतात. थकबाकीवर दरमहा दोन टक्के दंड चढतो, म्हणून वाद चालू असताना पैसे अडवून ठेवणे बहुधा नुकसानीचे ठरते.

घर विकत घेणाऱ्याने एक गोष्ट विशेषेकरून पाहावी. शासनाचा जमीन महसूल सोडल्यास मालमत्ता-कराचा त्या मालमत्तेवर पहिला बोजा असतो. मागील मालकाची थकबाकी घराबरोबर येते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत देयक संस्थेच्या नावे येत असल्यास प्रत्येक सदनिकेचा वाटा कोणत्या आधारे काढला आहे, हे विचारण्याचा सदस्यास अधिकार आहे.

सारांश, देयक हाती आल्यावर पाच गोष्टी तपासाव्यात : क्षेत्रफळ, वापराची नोंद, इमारतीचे वय, लावलेले गुणक अथवा धरलेले भाडे, आणि प्रत्येक रकान्याचा आधार असलेला कायदा. त्यांत चूक नसेल, तर उरलेला प्रश्न दराचा व खर्चाचा राहतो. त्याचे उत्तर महापालिकेच्या अंदाजपत्रकात शोधावे आणि निवडून दिलेल्या प्रतिनिधीस विचारावे. आकारणीतील दोष निवारण्याचे काम न्यायालय करू शकते; पैसा कोणत्या कामावर खर्च व्हावा, हे ठरविणे मात्र नागरिकांच्याच हाती राहते.